घडीची १ मीटरची वनस्पती-चौकट, दोन पावसाळे वापरून: चौकट घ्या, सोबतचा रंगीत तक्ता नको

घाई असेल त्यांच्यासाठी आधीच सांगते. जमिनीवर टाकून आतल्या वनस्पती मोजायची ही चौकट मस्त आहे, बिनधास्त घ्या. भिंग ठीकठाक. सोबतच्या पुस्तिकेत शेवटच्या पानावर जो लाल-पिवळा-हिरवा तक्ता छापलाय तो मात्र वापरू नका, आणि किट मुलांच्या हातात देणार असाल तर ते पान आधी काढून ठेवा. चौकटीला ५ पैकी ४, पुस्तिकेला ५ पैकी १. रिव्ह्यू लांबलाय तो त्या एका पानामुळेच, कारण त्यावर विश्वास ठेवून पहिल्या पावसाळ्यात मी एका उकरलेल्या चराला कधीही न नांगरलेल्या माळापेक्षा चांगले मार्क देऊन बसले होते आणि ते किती चूक होतं हे कळायला मला जवळजवळ वर्ष लागलं.

किटमध्ये काय येतं ते पटकन. फायबरच्या आठ कांड्या, आतून इलॅस्टिकची दोरी, तंबूच्या काठ्यांना असते तशी, झटकली की एकात एक बसतात आणि १ मीटर बाय १ मीटरची चौकट तयार. तिला अडकवायची दोऱ्यांची जाळी, १० बाय १०, म्हणजे १०० घरं, एक घर म्हणजे बरोबर एक टक्का जागा. अर्ध्या कांड्या काढल्या की ५० सेंटिमीटरची छोटी चौकटही होते. १० पट दाखवणारं भिंग, पावसात न भिजणाऱ्या कागदाची नोंदवही आणि ती पुस्तिका. सगळं एका पिशवीत मावतं, वजन काही नाही, खांद्याला लावून दोन तास चाललं तरी जाणवत नाही.

ज्यांनी असलं काही कधी वापरलं नाही त्यांच्यासाठी, जमिनीवर चौकट टाकायची आणि आत जेवढ्या जातींची झाडंझुडपं, गवतं, रोपं आहेत ती सगळी मोजायची, कुठली किती घरं व्यापते ते लिहायचं, बस. पद्धत जुनी आहे, १८९८ मध्ये पाउंड आणि क्लेमेंट्स या दोन वनस्पतिशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या गवताळ प्रदेशात अशा चौकोनांत झाडं मोजायला सुरुवात केली. तोवर लोक नुसतं बघून "हे गवत इथे भरपूर, ते तुरळक" असं लिहायचे आणि मोजल्यावर डोळ्यांचा अंदाज किती फसवतो ते त्यांच्या लक्षात आलं. मलाही पहिल्याच दिवशी तोच अनुभव आला, मी उभ्याने बघून सात-आठ जाती म्हटलं होतं आणि गुडघ्यावर बसून मोजल्या तर २१ निघाल्या.

आता मी हे घेतलं कशाला ते. मी फिरायला जाते तो माळ आहे, त्यावरून एक पाइपलाइन गेली, त्यासाठी लांबच लांब चर खणला, पाइप टाकला आणि माती परत लोटून दिली. पावसानंतर त्या पट्ट्यावर हिरवंगार झालं आणि सगळे म्हणायला लागले की बघा, निसर्ग आपोआप सावरतो. मला ते पटत नव्हतं पण का पटत नाही तेही सांगता येत नव्हतं. म्हणून चार जागा ठरवल्या: एक तो बुजवलेला चर, दुसरी त्याच माळाचा न खणलेला भाग जिथे गुरं चरतात, तिसरी माळाचाच एक तुकडा ज्याला बऱ्याच वर्षांपूर्वी कुंपण घातलंय आणि आत ना गुरं जातात ना कोणी गवत कापतं, आणि चौथी खेळायच्या मैदानाची कडा, जिथे दर थोड्या दिवसांनी मशीन फिरतं. प्रत्येक जागी पाच वेळा चौकट टाकली, त्यात सगळ्यात जास्त जाती निघाल्या ती चौकट धरून आकडे सांगते: चर २३, चराईचा माळ २१, कुंपणातला तुकडा १२, मैदान ७.

पुस्तिकेतला तक्ता म्हणतो ८ पर्यंत लाल म्हणजे "बिघडलेली जागा", ९ ते १८ पिवळा म्हणजे "लक्ष द्या", १९ पासून पुढे हिरवा म्हणजे "निरोगी". म्हणजे तक्त्याच्या हिशोबाने चर सगळ्यात निरोगी, माळापेक्षाही दोन जातींनी पुढे, आणि जिथे माणसाने कित्येक वर्षांत पाऊलही टाकलं नाही तो कुंपणातला तुकडा पिवळा. मी खरंच गोंधळले. तेव्हा वाटलं आपलंच मोजणं चुकलं असेल, परत जाऊन मोजलं, आकडे तेच.

मग मी ते केलं जे पुस्तिकेत कुठेच करायला सांगितलेलं नाही. चारही याद्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि कोणती जात कुठे कुठे आहे त्यावर खुणा करत गेले. चरातल्या २३ पैकी १७ जाती रस्त्याच्या कडेला किंवा मैदानाच्या कोपऱ्यातही सापडत होत्या, आंबुटी, एकदांडी, गाजरगवत, हरळी, ही सगळी कुठेही माती उघडी पडली की हजर होणारी मंडळी, एकदांडी आणि गाजरगवत तर मुळात अमेरिका खंडातली आणि आता जगभर उष्ण भागात पसरलेली. आणि माळावरच्या २१ पैकी १३ जाती बाकी तिन्ही जागांवर कुठेच नव्हत्या. एकही नाही! त्यात जमिनीलगत वाढणाऱ्या बारीक बारीक वनस्पती, खाली कंद धरणाऱ्या दोन, बहुवर्षायू गवतं. २३ आणि २१ हे आकडे शेजारी ठेवले तर फरक काहीच नाही पण याद्या शेजारी ठेवल्या तर ती दोन वेगळी जगं आहेत.

तक्त्याची पहिली आणि सगळ्यात मोठी चूक ही की तो फक्त किती ते विचारतो, कोण ते विचारत नाही. माणूस जमीन उकरतो तेव्हा एका जागेवरच्या जाती वाढूही शकतात, आणि तरीही आजूबाजूचा सगळा प्रदेश मिळून गरीब होत जातो, कारण सगळीकडच्या उकरलेल्या जागांवर तीच ती पंधरा-वीस तणं येतात आणि ज्या जाती एकेका जागेपुरत्या होत्या त्या जातात. शास्त्रात याला एकसारखेपणा येणं म्हणजे होमोजनायझेशन म्हणतात. दहा चौकटी टाकल्या आणि प्रत्येकीत २० जाती निघाल्या तर एकूण २५ जातीही असू शकतात आणि १२० पण असू शकतात, एकेका चौकटीला रंग देणाऱ्या तक्त्यात हा फरक येणारच नाही.

चरात एवढ्या जाती आल्या कुठून हेही समजून घ्यायला मजा आली. माती उलटसुलट झाली की तीन गोष्टी एकदम होतात. आधीच्या दाट मुळांची पकड सुटते आणि जागा रिकामी होते, उन्हाचा कवडसा थेट मातीपर्यंत पोचतो, आणि मातीतला सेंद्रिय भाग हवेच्या संपर्कात आल्यामुळे भराभर कुजून नत्र मोकळं होतं. त्यात मातीत खोल गाडल्या गेलेल्या बिया वर येतात. बिया किती वर्षं जिवंत राहतात याचा अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये १८७९ पासून चालू असलेला एक प्रयोग आहे, विल्यम बील नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने वाळूत बिया मिसळून २० बाटल्या भरून जमिनीत पुरल्या आणि ठराविक वर्षांनी एकेक काढायची असं ठरवलं, त्यातली एक २०२१ मध्ये काढली तर १४२ वर्षांनंतर व्हर्बॅस्कम नावाच्या तणाच्या काही बिया चक्क उगवल्या. अर्थात सगळ्या जातींच्या बिया अशा टिकत नाहीत, आणि इथेच खोच आहे. तणांच्या बिया मातीत वाट बघत पडून राहायला बनलेल्या असतात, जुन्या गवताळ माळावरच्या बऱ्याच वनस्पती मात्र कंदावर, मुळांवर, पसरणाऱ्या खोडांवर जगतात, त्यांच्या बिया मातीत फार काळ साठून राहत नाहीत. त्यामुळे चर खणला की तणांचा साठा उघडतो आणि कंदवाल्यांचा साठाच तुटतो.

दुसऱ्या पावसाळ्यात त्याच जागी चौकट टाकली तर चरात १४ जाती उरल्या होत्या आणि १०० पैकी ६१ घरं गाजरगवत आणि हरळीने धरलेली. पहिल्या वर्षीची गर्दी म्हणजे रिकाम्या जागेवरची धावपळ होती, ती ओसरली. माळाच्या चौकटीत २१ च्या २० झाल्या, एवढाच फरक, तोही बहुतेक माझ्या नजरेचा.

आता कोणी म्हणेल की मध्यम ढवळाढवळ झाली की विविधता सगळ्यात जास्त असते असं आपण शिकलोय, मग चराचं बरोबरच आहे. मीही तेच शिकले होते. जोसेफ कॉनेल या पर्यावरणशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये पावसाळी जंगलं आणि प्रवाळ यांच्यावरून ही कल्पना मांडली आणि ती इतकी सुटसुटीत आहे की सगळीकडे पसरली: फार ढवळलं तर थोड्याच जाती तग धरतात, अजिबात नाही ढवळलं तर दोन-चार दांडगट जाती बाकीच्यांना हुसकावतात, मधे सगळ्यांना जागा. ऐकायला पटतं. पण प्रत्यक्ष मोजणी केलेल्या अभ्यासांत हा मधला उंचवटा थोड्याच ठिकाणी दिसतो, आणि २०१३ मध्ये जेरेमी फॉक्स या पर्यावरणशास्त्रज्ञांनी तर ही कल्पना सरळ सोडून द्यावी असं लिहिलं. मला स्वतःला ती पूर्ण सोडावी असं वाटत नाही, पण "मध्यम" म्हणजे नक्की काय, कशाचं, किती दिवसांनी, हे न सांगता ती वापरली तर तिच्यातून काहीही सिद्ध करता येतं एवढं मात्र मला या दोन वर्षांत पटलंय. गुरांनी चरणं ही ढवळाढवळ आहे आणि जेसीबीने दोन मीटर खणणं हीही ढवळाढवळ आहे. पहिलीत पानं जातात, मुळं आणि मातीचे थर जागेवर राहतात. दुसरीत थरच उलटे होतात. यांना एकाच पट्टीवर कमी-मध्यम-जास्त असं बसवायचं कसं?

कुंपणातल्या तुकड्याने मला सगळ्यात जास्त शिकवलं. तिथे १२ च जाती, उंच गवत, खाली वाळक्या गवताची इतकी जाड गादी की बोटाने बाजूला केल्याशिवाय माती दिसत नाही. तिथे माणूस गेला नाही हे खरं, पण गुरंही गेली नाहीत, विळाही गेला नाही, आणि ज्या बारीक वनस्पती शेकडो वर्षं चराईच्या सोबत जगत आल्या त्यांना उजेडच मिळेना. डार्विन यांनी १८५९ मध्ये हेच लिहून ठेवलंय, तीन फूट बाय चार फूट कापलेल्या हिरवळीच्या तुकड्यावर २० जाती होत्या, तो तसाच वाढू दिला तर त्यातल्या ९ जाती गेल्या कारण बाकीच्यांनी त्यांना झाकून टाकलं. म्हणजे जवळपास माझ्याच चौकटीएवढा तुकडा! हे वाचलं तेव्हा मी अक्षरशः उठून चौकट शेजारी आडवी टाकून बघितली, डार्विनचा तुकडा थोडासाच मोठा निघाला.

आणि जगात १ चौरस मीटरमध्ये नोंदवलेल्या सगळ्यात जास्त जाती किती माहितीये? ८९. अर्जेंटिनातल्या डोंगरावरच्या गवताळ भागात. २०१२ मध्ये अशा जागतिक विक्रमांची एक यादी प्रसिद्ध झाली, त्यात छोट्या मापांचे विक्रम समशीतोष्ण भागातल्या अशा गवताळ जमिनींकडे आहेत जिथे माणूस पिढ्यानपिढ्या गवत कापतो किंवा गुरं चारतो, आणि मोठ्या मापांचे उष्ण कटिबंधातल्या पावसाळी जंगलांकडे, इक्वेडोरमध्ये १ हेक्टरात ९४२ जाती मोजल्यात. म्हणजे माणसाचा हात लागला की विविधता जातेच असं नाही, आणि हात काढून घेतला की ती वाढतेच असंही नाही. त्या जमिनीला कशाची सवय आहे आणि किती काळापासून, त्यावर सगळं आहे. तक्त्यात हा प्रश्न विचारायला एक ओळ जरी असती तरी मी एवढी चिडले नसते.

मैदानाबद्दल थोडक्यात. ७ जाती आणि ८३ घरं एकाच गवताची. तक्ता लाल म्हणतो आणि इथे तो बरोबर आहे, पण त्यातही कापण्याचा दोष किती आणि खताचा किती हे तक्ता सांगत नाही, आणि मला वाटतं खताचा जास्त आहे. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेड इथे १८५६ पासून एकाच गवताच्या शेतावर प्रयोग चालू आहे, पट्टे पाडून कुठे खत घालतात कुठे नाही, कापणी सगळीकडे सारखीच. बिनखताच्या पट्ट्यांवर ४० च्या आसपास जाती टिकल्यात आणि अमोनियम सल्फेट या नत्रखताचा मारा झालेल्या, चुना न घातलेल्या काही पट्ट्यांवर दोन-तीनच उरल्यात. जमीन एकदाही न खणता! अमेरिकेत मिनेसोटातल्या सीडर क्रीक इथल्या प्रयोगात तर वर्षाला हेक्टरी १० किलो इतकं थोडं जादा नत्र वर्षानुवर्षं देत राहिलं तरी जाती १७ टक्क्यांनी घटल्या. म्हणून कोणत्याही जागेवर चौकट टाकायच्या आधी नुसतं "इथे कोणी खणलंय का" न विचारता "इथे काय ओतलंय" हेही विचारायला मी लागले.

तक्त्याची दुसरी चूक वेळेची. तो एका दिवसाच्या मोजणीवरून निकाल देतो. सीडर क्रीकमध्येच नांगरून नंतर सोडून दिलेली शेतं आणि कधीच न नांगरलेले शेजारचे तुकडे यांची तुलना झाली, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की सोडून दिल्यावर ९१ वर्षांनीही शेतांमध्ये विविधता न नांगरलेल्या जमिनीच्या ७३ टक्क्यांपर्यंतच आली होती. ९१ वर्षं! म्हणजे माझ्या माळावरचा चर बघून "सावरलं" म्हणणाऱ्या कुणालाच त्याचा शेवट बघायला मिळणार नाही. फ्रान्समध्ये त्रोंसे नावाचं जुनं जंगल आहे, तिथे रोमन काळातल्या वस्त्यांचे अवशेष झाडांखाली सापडतात, आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की त्या वस्त्यांच्या जवळ जाल तसतशी वनस्पतींची यादी आजही बदलते, नत्र आवडणाऱ्या जाती वाढतात, एकूण संख्याही वाढते. त्या वस्त्यांची शेती थांबून दीडेक हजार वर्षं होऊन गेली तरी माती विसरलेली नाही. आता त्या ठिकाणी आपली चौकट टाकली तर तक्ता वस्तीच्या जागेला जास्त मार्क देईल, म्हणजे पुन्हा तीच गडबड.

आणि याच्या उलटंही होतं. एस्टोनियात चुनखडीवरच्या गवताळ जमिनींवर काम झालंय, तिथे आज दिसणाऱ्या जातींची संख्या आज उरलेल्या जमिनीच्या आकाराशी जुळतच नाही, ती सुमारे ७० वर्षांपूर्वी त्या जमिनी केवढ्या होत्या आणि एकमेकींना किती जोडलेल्या होत्या त्याच्याशी जुळते. म्हणजे जमीन तुटली, आकसली, पण झाडं अजून उभी आहेत, बहुवर्षायू आहेत, लगेच मरत नाहीत, हळूहळू जाणार. याला नामशेष होण्याचं कर्ज म्हणतात. अशा जागेला आपला तक्ता खुशाल हिरवा रंग देईल.

तिसरी चूक अगदी साधी आहे आणि तिला काहीच माफी नाही. चौकटीची दोन मापं आहेत, १ मीटर आणि अर्धा मीटर, आणि तक्ता कुठल्या मापासाठी आहे हे लिहिलेलंच नाही! अर्ध्या मीटरच्या चौकटीत क्षेत्रफळ चौथाई होतं आणि जाती अर्थातच कमी सापडतात, चौथाई नाही पण बऱ्याच कमी, माझ्या माळावर २१ च्या जागी १३. म्हणजे छोटी चौकट वापरणाऱ्याला तोच माळ पिवळा दिसणार. कंपनीला मेल केला, उत्तर आलं की पुढच्या छपाईत बघू.

आता वस्तूबद्दल, कारण शेवटी रिव्ह्यू वस्तूचा आहे.

कांड्या मजबूत, दोन वर्षांत एकही तडकली नाही. कोपऱ्याचे सांधे मात्र दुसऱ्या वर्षी सैल झाले आणि चौकट थोडी तिरकी, पतंगासारखी व्हायला लागली. तिरकी झाली की क्षेत्रफळ कमी होतं हे लक्षात ठेवा, दोन्ही कर्ण दोरीने मोजून सारखे करून घ्यायचे, १ मीटरच्या चौकटीचा कर्ण १४१ सेंटिमीटर यायला हवा. झुडपं असतील तिथे बंद चौकट आत घालता येत नाही, तीन बाजू जोडून सरकवायची आणि चौथी नंतर लावायची, हे पुस्तिकेत नाही पण जमतं.

जाळीची दोरी विणलेली, केसाळ आहे, आणि ही मला खरंच गंभीर तक्रार वाटते. कुसळी गवताची कुसळं, चिकटणाऱ्या बिया, सगळं तिच्यात अडकून बसतं. पहिल्या वर्षी मी चरातून उठून थेट माळावर गेले आणि जाळी उलगडली तर तिच्यात चरातल्या बिया दिसल्या, पोटात धस्स झालं. आपण विविधता मोजायला जातोय आणि तणाच्या बिया घरपोच नेऊन टाकतोय. तेव्हापासून आधी माळ, मग कुंपण, चर सगळ्यात शेवटी, असा क्रम ठेवलाय, आणि प्रत्येक जागेनंतर ब्रशने जाळी, बुटांचे तळवे, पॅंटचे काठ साफ करते. या वर्षी ती जाळी काढून मासेमारीची नायलॉन दोरी लावली, तिला काहीच चिकटत नाही. कंपनीने सुरुवातीलाच तशी दिली पाहिजे.

कायमच्या खुणांसाठी किटमध्ये काहीच नाही आणि दरवर्षी त्याच जागी चौकट टाकली नाही तर बदल कळत नाही. मी दोन कोपऱ्यांत लांब लोखंडी खिळे जमिनीच्या बरोबरीने ठोकलेत, वर दिसत नाहीत त्यामुळे कोणी उपटत नाही आणि गुरांच्या पायालाही लागत नाहीत, परत शोधायला लोहचुंबक पुरतं. एक मात्र जपा, नेहमी एकाच बाजूला गुडघे टेकून बसू नका. माझ्या माळाच्या चौकटीच्या दक्षिणेला वर्षभरात एक टक्कल पडलं, ते माझ्याच गुडघ्यांचं. तुडवून माती घट्ट झाली की तिच्यातली हवेची भोकं बुजतात, पाणी मुरत नाही, आणि जमिनीला चिकटून वाढणाऱ्या वनस्पतीच तेवढ्या टिकतात, पायवाटांच्या कडेला हेच दिसतं. आता फळकुट टाकून बसते आणि दर वेळी बाजू बदलते.

भिंगाबद्दल फार काही नाही, गवतं ओळखायला पान आणि खोड जिथे जुळतं तिथला पातळ पापुद्रा बघावा लागतो तेवढा दिसतो. फोटोवरून ओळखणारी ॲप फुलांना बरी, फूल नसलेल्या गवताला काही उपयोगाची नाहीत, तिथे "गवत क्रमांक ४" असं लिहून वाळवून ठेवा, नंतर जाणकाराकडून नाव मिळतं. नोंदवही उत्तम, पावसात लिहिता येतं.

तक्त्याऐवजी मी आता काय करते ते विचारणाऱ्यांसाठी: प्रत्येक जातीपुढे तीन खुणा, एकवर्षायू की बहुवर्षायू, मूळची की बाहेरून आलेली, आणि बाकी चौकटींत आहे की फक्त इथेच. त्याशिवाय १०० घरांपैकी कोणी किती धरलीत. मैदानात दोन घरं डोळे मिटून निवडली तर दोन्हीत तेच गवत निघायची शक्यता किती मोठी, माळावर किती कमी, हा हिशोब सिम्प्सन यांनी १९४९ मध्ये मांडलेल्या निर्देशांकाचा आहे आणि साध्या कॅल्क्युलेटरवर होतो. नुसत्या संख्येपेक्षा तो बराच खरं बोलतो, पण तोही नावं सांगत नाही, त्यामुळे यादी फेकायची नाही, कधीच.

कोणी घ्यावी? ज्यांना एका जागेवर वर्षानुवर्षं जाता येणार आहे त्यांनी नक्की. शाळा-कॉलेजांनी घ्यावी, पण दोन जागांच्या याद्या शेजारी ठेवायचा तास त्यात धरावा. एकदाच कुठेतरी जाऊन आकडा आणायचा असेल तर घेऊ नका, त्या आकड्यातून काहीच कळणार नाही.

एक राहिलंच, कोपऱ्याचे सांधे आणि जाळी सुटी मिळत नाहीत, पूर्ण किट परत घ्यावं लागतं. सांध्यांवर मी सायकलच्या ट्यूबचे तुकडे चढवलेत, सध्या घट्ट बसलेत. तिसऱ्या मोजणीनंतर ते टिकले का ते इथेच खाली लिहीन, आणि चरात किती आणि कोण कोण उरलंय तेही.